उडालेल्या टिपचा पंचनामा

मासे धरायच्या टू-पीस रॉडची टिप आपोआप उडत नाही, उडवली जाते. उडवणारा मात्र दर वेळी दुसऱ्याच कुणाकडे बोट दाखवतो. कधी रॉड बनवणाऱ्या कंपनीकडे, कधी विकणाऱ्या दुकानदाराकडे, कधी समोरून येणाऱ्या वाऱ्याकडे, आणि अगदीच कुणी सापडलं नाही तर नजर लावणाऱ्या शेजाऱ्याकडे. मोडलेल्या रॉड दुरुस्त करण्याचा नाद मला आहे, त्यामुळे या फिर्यादी माझ्याच टेबलावर येऊन पडतात. रॉड हातात घेतली की जॉइंटच्या तोंडाशी वाळूचे कण दिसतात, मिठाचा पांढरा थर दिसतो, कधी तेलाचा बुळबुळीतपणा हाताला लागतो, कधी वाळलेल्या गोंदाची खपली निघते. पुरावा असा ढळढळीत समोर, आणि फिर्यादी म्हणतो, "काका, माल डुप्लिकेट निघाला." माल अस्सल असतो हो. हात डुप्लिकेट असतात.

आधी घोडं कुठे अडतं ते समजून घ्या. वरची टिप आणि मुठीकडचा बट अशा दोन तुकड्यांच्या रॉडला ना स्क्रू असतो, ना खीळ, ना कडी. एक तुकडा बाहेरून किंचित निमुळता, दुसऱ्याचं तोंड आतून त्याच बेताने निमुळतं. दोन्ही एकमेकांत दाबले की बाहेरची नळी केसभर ताणली जाते आणि आतल्या तुकड्याला आवळून धरते. त्या आवळण्यातून जे घर्षण निर्माण होतं, तेवढ्यावर सगळा डोलारा उभा. काही रॉडमध्ये टिप बटवर चढते, काहींत बटच्या आत शिरते, आणि काहींत बटच्या तोंडातून एक खुंटी बाहेर आलेली असते, तिला स्पिगॉट म्हणतात. प्रकार तीन, पण धरून ठेवणारी गोष्ट एकच: निमुळत्या अंगावरचं घर्षण. ते जितकं स्वच्छ आणि सलग, तितकी पकड घट्ट.

आता कास्ट मारताना या जॉइंटवर काय गुदरतं ते पाहा. रॉड गरकन पुढे आली की टिप बाहेर निसटू पाहते. तिला मागे खेचून धरणारं कुणी असेल तर ते हेच घर्षण. रॉड वाकते तेव्हा जॉइंटची गोल नळी क्षणभर लंबगोल होते, सरळ होताना पुन्हा गोल. प्रत्येक फेकीला हे घडतं आणि प्रत्येक फेकीला टिपला अंशभर पुढे सरकायची संधी मिळते. त्यावर कडी म्हणजे पीळ. तुमचं मनगट तिरकं वळलं, रॉड एका पातळीत न जाता कमानीत गेली, खाली लटकणाऱ्या रीळने आपलं वजन एका बाजूला टाकलं, की टिप आणि बट उलट दिशांना वळू पाहतात. निमुळता जॉइंट सरळ ओढीला बराच वेळ दाद देत नाही. पिळापुढे मात्र तो लवकर नमतो. घरी परतताना तुम्ही स्वतः जॉइंट कसा सोडवता? हलका पीळ देऊनच ना? मग तेच काम तुमचं मनगट सकाळभर करत असतं आणि तुम्ही दूरच्या लाटेत जिताडा शोधत उभे असता.

इतकी साधी गोष्ट, पण ती सांगायची कुणालाच गरज वाटत नाही. रॉडच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ३० टन कार्बन, ४० टन कार्बन असं मिरवलेलं असतं. हा आकडा म्हणजे रॉड किती वजन उचलेल असं समजणारे महाभाग मला भेटले आहेत. तो कार्बनच्या तंतूंच्या ताठपणाचा आकडा आहे. त्याचा तुमच्या माशाच्या वजनाशी काडीचाही संबंध नाही. उलट तंतू जितका ताठ, तितकी नळी पातळ आणि हलकी करता येते, आणि पातळ नळीला ठोका सोसत नाही. रीळवर बेअरिंग किती हे दुकानदाराला तोंडपाठ असतं. दोर ज्यांतून जातो त्या गाइडमधली रिंग कसली हेही तो सांगतो. पण जॉइंट कसा बसवायचा, तो झिजला हे कसं ओळखायचं, मध्येमध्ये तो तपासायचा असतो की नाही, यावर अळीमिळी गुपचिळी. गिऱ्हाइकालाही ते नको असतं. त्याला हवी असते चकाकी आणि फोटोत उठून दिसेल असा रंग. दोघांचंही छान जुळतं. जुळत नाही तो फक्त जॉइंट.

मग टिप उडायला लागली की खडकावरचे वैद्य पुढे सरसावतात. अलिबागपासून मालवणपर्यंत कुठल्याही कातळावर जा, असा एक वैद्य सापडतोच. पहिला म्हणतो, तेलाचा थेंब सोडा, सुरळीत बसेल. सुरळीत बसेल आणि त्याहून सुरळीत निघेल. घर्षणावर जगणाऱ्या जॉइंटला तेल पाजणं हे शुद्ध आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दुसरा सँडपेपर काढतो आणि "थोडं खरखरीत केलं की धरतं" असं सांगतो. आधीच झिजलेला तुकडा घासून आणखी बारीक करायचा आणि तो घट्ट बसेल अशी आशा धरायची! शिवाय त्या घासण्यात कार्बनचे तंतू उघडे पडतात ते वेगळंच. तिसरा प्लंबरची पांढरी टेप गुंडाळतो. हाताला घट्टपणा जाणवतो, पण पकड सबंध लांबीवर न राहता त्या गुंडाळीपुरती उरते. मग जोराचा कास्ट बसला की सगळा भार त्या एका कड्यावर येतो आणि नळीचं तोंड उभं चिरतं. चौथा सर्वांत थोर. तो फेव्हिक्विक लावतो. त्याने टू-पीस रॉडची सिंगल-पीस केलेली असते आणि त्याला ते संध्याकाळी रिक्षासमोर उभं राहिल्यावर कळतं.

या वैद्यांच्या वरच्या मजल्यावर एक खानदानी जमात राहते. ती म्हणते, टू-पीस घेताच कशाला, रॉड असावी ती सिंगल-पीस. बोटीवरून सहा-साडेसहा फुटांच्या रॉडने मासे धरणाऱ्याने हे म्हणावं, त्याला शोभतं. पण खडकावरून लाटांच्या पलीकडे लूअर, म्हणजे नकली आमिष, टाकायचं तर नऊ-दहा फूट लांबी लागते, आणि ती अखंड दहा फुटी रॉड एसटीत, लोकलच्या डब्यात किंवा इमारतीच्या लिफ्टमध्ये घालून दाखवा, मग आपण बोलू. जॉइंट असला की रॉडचा दम जातो, हाही यांचाच लाडका सिद्धांत. इंग्लंडमध्ये किनाऱ्यावरून लांब फेकीच्या स्पर्धा होतात, तिथल्या तेरा-तेरा फुटी रॉड जोडाच्याच असतात. सामनच्या लांब रॉड तीन-तीन, चार-चार तुकड्यांच्या असतात. ज्यांचं सगळं नाव फेकीच्या अंतरावर उभं आहे त्यांना जॉइंट चालतो, आणि आपल्या धक्क्यावरच्या उंटावरच्या शहाण्यांना तो खपत नाही.

रॉड जोडण्याचं हे कोडं आजचं नाही. लाकडी रॉडच्या दोन कांड्या पितळेच्या किंवा जर्मन सिल्व्हरच्या नळ्यांनी जोडायची रीत जुनी. अमेरिकेत हायरम लेनर्ड हा बांबूच्या चिरफळ्यांपासून रॉड बनवणारा कारागीर होता. जॉइंटमधून लाकडात पाणी शिरू नये म्हणून त्याने केलेल्या धातूच्या जोडाचं पेटंट १८७५ सालचं आहे. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीचा कसबी माणूस जॉइंटवर डोकं खर्च करत होता आणि आज आपण त्यावर फडकंसुद्धा खर्च करत नाही. धातूच्या जोडाचं एक दुखणं होतं: तेवढा भाग वाकत नाही, त्यामुळे रॉडच्या वळणात मध्येच एक ताठ गाठ पडते. फायबरग्लास आणि नंतर कार्बन आला तेव्हा नळीतच नळी बसवायची सोय झाली आणि ती गाठ गेली. आज तुमच्या हातातला जॉइंट रॉडबरोबर वाकतो तो त्यामुळे. त्याची किंमत मात्र ठरलेली आहे: जो वाकतो तो सरकतोही, म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं.

स्कॉटलंडमधली गोष्ट तर आपल्या शहाण्यांनी मुद्दाम ऐकावी. तिथे स्पे नदीच्या नावाने ओळखली जाणारी फेक आहे. मागे झाडी असली की दोर मागे न टाकता पाण्यावरच वळवून, दिशा बदलून पुढे फेकायचा. दिशा बदलायची म्हणजे रॉडला पीळ आलाच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इन्व्हर्नेसच्या अलेक्झांडर ग्रँटने ग्रीनहार्ट लाकडाच्या लांब रॉड बनवल्या. त्यांत त्याने नळीचा जोड ठेवलाच नाही. दोन्ही तुकड्यांची टोकं तिरकी तासून एकमेकांवर चढवायची आणि करकचून बांधायची. आज कार्बनच्या रॉड वापरणारे स्पेवाले जॉइंटवर सरळ टेप गुंडाळतात. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. आमच्याकडे कुणी टेप लावली की शेजारचा विचारतो, "काय, रॉड मोडली वाटतं?" मोडलेली नाही, बाबा. मोडू नये म्हणून लावली आहे.

आता करायचं काय? ऐका, आणि एवढ्याशा कामाला वेळ नाही ही सबब सांगू नका. लूअरच्या डबीतून रंग निवडायला तुम्ही याहून जास्त वेळ घालवता.

जोडण्याआधी दोन्ही तोंडं कोरड्या, स्वच्छ फडक्याने पुसा. आतली नळीसुद्धा. वाळूचा एक कण आत राहिला तर तो जॉइंटला पुरता बसू देत नाही आणि वर दर फेकीला चरा पाडतो. मग आतल्या तुकड्यावर साध्या पांढऱ्या मेणबत्तीचा हलका हात फिरवा आणि बोटाने पसरवून घ्या. तेल घसरवतं, मेण तसं करत नाही. ते बारीक चरे भरतं, कोरडी झीज थांबवतं आणि पकड सारखी करतं. पातळ म्हणजे पातळच. जाड थर दिलात तर त्यात वाळू रुतून बसेल. त्यानंतर टिपच्या गाइड बटच्या गाइडपासून पाव वळणाएवढ्या बाजूला ठेवून जोडा आणि दाबत दाबत रेषेत आणा. दाबताना दोन्ही हात जॉइंटच्या जवळ हवेत. गाइड धरून पिळायचं नाही. गाइड दोर वाहायला असतात, मुठीचं काम करायला नव्हे. जुन्या धातूच्या जोडाची रॉड असेल तर मात्र वळवायचं नाव काढू नका. सरळ दाबा, सरळ ओढा.

गाइड रेषेत आल्या की जॉइंटच्या दोन्ही बाजूंना पेंटचा एकेक बारीक ठिपका द्या. दोन्ही ठिपके समोरासमोर. कास्ट मारताना ठिपके एकमेकांपासून सरकले की जॉइंट फिरला, हे आंधळ्यालाही दिसेल. आणि पाहायचं केव्हा? टिप समुद्रात गेल्यावर नव्हे. रीळ फिरवून लूअर जवळ आलं की पुढच्या फेकीआधी एक नजर त्या ठिपक्यांवर टाका आणि अधूनमधून हात लावून जॉइंट दाबून घ्या. ही सवय एकदा अंगवळणी पडली की वेगळा वेळ लागत नाही. दर वेळी एकाच बाजूला ठिपका सरकत असेल तर त्याचा अर्थही लावा: तुमचं मनगट त्या बाजूला वळतंय. रॉडला शिव्या घालण्याऐवजी हात सुधारा. रॉड एका पातळीत मागे न्या, त्याच पातळीत पुढे आणा. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण या हौशी लोकांच्या टोपीवर छापायला हवी.

लांब, दोन हातांनी मारायच्या कास्टसाठी इन्सुलेशन टेप खुशाल लावा. दोन्ही तुकड्यांना धरेल अशी तिरकी गुंडाळा आणि शेवटचं टोक दुमडून ठेवा, म्हणजे ओल्या हाताने काढता येईल. पण आधी जॉइंट नीट बसवा, मग टेप. सैल जॉइंटवर टेप लावणं म्हणजे फक्त टिपचं समुद्रात जाणं थांबवणं. आत तो सैलच राहतो, आणि सैल जॉइंट उडण्यापेक्षा वाईट गोष्ट करतो: तो मोडतो. टिप अर्धवट बसलेली असली की वाकण्याचा सगळा जोर नळीच्या तोंडाच्या कडेवर येतो. तिथला दोऱ्याचा वेढा शोभेचा नाही. तोंड चिरू नये म्हणून तो घातलेला असतो, पण त्यालाही मर्यादा आहे. माझ्याकडे येणाऱ्या रॉडमध्ये जॉइंटपाशी उभी चीर गेलेली रॉड वरचेवर असते, आणि मालक छातीठोकपणे सांगतो की मासा फार मोठा होता.

आता एक कारण, जे कुणी बोलतच नाही. कित्येकदा टिप उडवणारा जॉइंट नसतोच. तुमची गाठ असते. ब्रेडला, म्हणजे रीळवरच्या विणलेल्या दोराला, लूअरकडचा लीडर जोडणारी जाडजूड गाठ गाइडमध्ये अडकली, किंवा ब्रेडचाच गुंता होऊन तो गाइडला जाऊन धडकला, की उडत्या लूअरचा सगळा झटका टिपला सरळ पुढे ओढतो. त्या झटक्यापुढे चांगला बसवलेला जॉइंटही हरू शकतो. इथे जॉइंटला दोष देणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. एफजीसारखी बारीक गाठ शिका, ती गाइडमधून अडखळत नाही. ती जमत नसेल तर कास्ट मारताना गाठ टिपच्या बाहेर राहील इतकाच लीडर आखूड ठेवा. रीळवर दोर सैल भरू नका. आणि मुठीजवळ छापलेलं कास्ट वेट वाचा. १५ ते ४० ग्रॅम लिहिलेल्या रॉडवर शंभर ग्रॅमचं शिसं लटकवून "काय होतंय ते बघू" म्हणणाऱ्याने जे होईल ते मुकाट्याने बघावं.

मासे धरून झाले की रॉड तशीच जोडलेली गॅलरीत उभी करणारे वीरही आहेत. खारं पाणी आत वाळतं, मिठाचे खडे बनतात, आणि पुढच्या खेपेला जॉइंट एक तर निघत नाही किंवा बसत नाही. निघत नाही म्हणून हे पक्कड लावतात! कार्बनच्या नळीला पक्कड लावणाऱ्याच्या हातात मी स्वयंपाकघरातली सांडशीसुद्धा देणार नाही. जॉइंट अडकला तर रॉड गुडघ्यांच्या मागे आडवी धरा, हात गुडघ्यांच्या बाहेरच्या बाजूंना घट्ट ठेवा आणि गुडघे सावकाश बाहेर ढकला. सरळ ओढ मिळते, पीळ पडत नाही. जोडीदार असेल तर दोघांनीही एकेक हात दोन्ही तुकड्यांवर ठेवून सरळ ओढायचं. आणि घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, दोन्ही तुकडे सुटे, वाळवून ठेवायचे.

झिजेचंही ऐका. जॉइंट वापराने झिजतो, त्यात कुणाचा गुन्हा नाही. स्पिगॉट रॉडमध्ये दोन तुकड्यांच्या मध्ये मुद्दाम थोडी फट सोडलेली असते. ती पाहून "काका, रॉड नीट बसत नाही, थोडं कापून द्या" म्हणणारे येतात. ती फट म्हणजे झिजेसाठी ठेवलेली शिल्लक आहे. ती पुरती मिटली आणि दोन तुकडे एकमेकांना टेकले की समजा जॉइंट संपत आला, कारण आता कितीही दाबलं तरी आणखी आत जायला जागाच उरली नाही. तेव्हा रॉड बनवणाऱ्याकडे जा. तो आतल्या तुकड्यावर इपॉक्सीचा पातळ थर चढवून पुन्हा मापाला आणतो. तात्पुरती सोय म्हणून बिनरंगाच्या नेलपॉलिशचा एक हात देऊन पूर्ण वाळू दिला तरी काही दिवस निघतात. त्यात हसण्यासारखं काही नाही. फेव्हिक्विक लावणाऱ्याने तर मुळीच हसू नये.

कुणी म्हणेल, एवढ्याशा जॉइंटसाठी इतका त्रागा कशाला? टिप दोरावरून घसरत लूअरपर्यंत जाते, रीळ फिरवली की परत येते. येते, नशीब असेल तर. पण खडकावर आपटलेल्या कार्बनमध्ये डोळ्यांना न दिसणारी चीर पडते आणि ती रॉड पुढे कधीतरी, तुमच्या भाषेत, काहीच कारण नसताना मोडते. दोर तुटला तर ट्रेबल हुकसकट लूअर, मीटरच्या मीटर ब्रेड आणि टिप कातळात अडकून राहतात. ब्रेड कुजत नाही. ओहोटीला कालवं काढायला अनवाणी उतरणाऱ्या बाईच्या पायात ते हुक शिरतात, पाखरांच्या पायांना दोर गुंडाळतो. आणि धक्क्यावर खांद्याला खांदा लावून माणसं उभी असताना टिप सुटली तर तीन काट्यांचं ते लूअर कुठे जाईल, याचा हिशेब ना तुमच्याकडे असतो ना समोरच्या माणसाच्या डोळ्याकडे. हा तुमचा खाजगी छंद उरत नाही. भर गर्दीत धारदार वस्तू फेकणाऱ्याने ती कशाला जोडली आहे हे पाहायलाच हवं.

म्हणून नवी रॉड घेणाऱ्यांना एकच सांगणं. पैसे मोजण्याआधी रॉड दुकानातच जोडायला लावा. गाइड एका रेषेत येतात का, टिपकडून एक डोळा मिटून पाहा. जॉइंटवर दोन बोटं ठेवून रॉड हलवा. आत बारीकशी टकटक जाणवली तर ती रॉड परत भिंतीला लावायला सांगा. जॉइंट किती आत बसतो, फट किती राहते, तोंडाशी वेढा आहे की नुसती रंगाची पट्टी, हे विचारा. दुकानदार म्हणेल, "एवढं कोण बघतं साहेब?" त्याला सांगा, आजपासून गिऱ्हाइकं बघणार आहेत, आणि पाकीट खिशातच ठेवून पुढच्या दुकानात जा.